बुलबुलच्या दोन पेट्या

बाटलीचं झाकण उघडल्याचा 'फस्स' आवाज कानावर आला की यमुनाबाई बसल्या जागेवरून उठायची. कुणाचं बारसं असो, साखरपुडा असो, नाहीतर नव्या होडीची पूजा. काहीतरी काम आठवल्यासारखं करायचं, पदर खोचायचा आणि चालू लागायचं. सुरुवातीला बायका एकमेकींकडे बघायच्या. मग त्यांना सवय झाली. तोंडवलीत तिला कुणी थांबवत नसे, की कुठे चाललीस म्हणून विचारत नसे.

त्या बाटलीत बुलबुल असायचं. तपकिरी रंगाचं, आल्याच्या झणक्याचं, गोडापेक्षा तिखटच जास्त. कोल्हापूरकडच्या एका लहानशा कारखान्यात ते तयार होई आणि बाटलीवरच्या कागदावर शेंडीवाला पक्षी छापलेला असे. घाटावर त्याला कुणी विचारत नव्हतं. खुद्द कोल्हापुरातल्या दुकानांत ते मागच्या फळीवर धूळ खात पडलेलं असायचं. पण आचऱ्यापासून मालवणपर्यंतच्या किनाऱ्याला मात्र त्याचं वेड लागलं होतं. नवी होडी पाण्यात लोटायची तर नारळ फोडल्यावर तिच्या पुढच्या टोकावर, नाळीवर बुलबुल ओतायचं. बाळंतीण खोलीबाहेर यायला लागली की पहिला घोट बुलबुलचा. तापातून उठलेल्या म्हाताऱ्याला पेजेच्या आधी बुलबुल. मुंबईला चाकरीला निघालेला माणूस आगबोटीत चढताना ट्रंकेत लुगड्याच्या धडुत्यात गुंडाळून दोन बाटल्या न्यायचा. आणि मासेमारीला निघणाऱ्या होडीत बुलबुलची पेटी नसेल तर खलाशी चढायला का-कू करायचे.

याला कारण होतं सत्तावन्न सालचं वादळ. त्या कार्तिकात धोंडू तांडेलाचा मचवा मालवणहून आचऱ्याकडे निघाला होता. तिथल्या जत्रेतल्या दुकानांसाठी बुलबुलच्या दोन पेट्या त्यात चढवलेल्या. वाटेत वादळानं मचवा उचलला तो भर समुद्रात नेऊन टाकला. चार-पाच दिवस त्याचा पत्ता नव्हता. गावानं आशा सोडली, आणि मग मंगलोरी कौलं घेऊन रत्नागिरीकडे चाललेल्या एका गलबताला तो मोडका मचवा दिसला. आतली माणसं जिवंत होती. प्यायला पाण्याचा थेंब नसताना बुलबुलवर जगली होती.

किनाऱ्यावर ही गोष्ट ज्याला त्याला पाठ होती. तांडेल धोंडू, त्याचा शेजारी बाबली आणि सहदेव, असे तिघे परत आले. मचव्यावर चौघे गेले होते हे मात्र गोष्ट सांगताना कुणी सांगायचं, कुणी नाही. चौथा सहदेवाचा थोरला भाऊ भिकाजी. यमुनाबाईचा नवरा.

सहदेव तिच्याच घरात राहत होता. घरात सासू राधाबाई, दीर सहदेव आणि ती. परत आल्यापासून सहदेव होडीत चढला नव्हता. किनाऱ्यावरूनच रापणीचं जाळं ओढायला जायचा, लोकांची जाळी सांधून द्यायचा. दोन वेळा यमुनाबाई त्याला भात वाढायची, आणि वाढताना कधी कधी तिचा हात थांबायचा. चौघांत भिकाजी सगळ्यांत दांडगा. नारळाची भरलेली गोणी पाठीवर टाकून खाडीतून चालत येणारा माणूस. बाबलीसारखा किडकिडीत माणूस जगतो आणि भिकाजी जातो, हे कसं? पेटीत बाटल्या मोजक्या. प्यायला तोंडं चार. एखादं तोंड कमी झालं तर... इथवर विचार आला की ती भात वाढायचं सोडून उठायची. चुलीत लाकूड सारायची, अंगणात जायची, भरलेला हंडा पुन्हा भरायला विहिरीवर जायची. विचारायचं धैर्य झालं नाही. कुणी आपणहून बोलायला तोंड उघडलं तर ती तिथे थांबली नाही.

त्रेसष्ट सालच्या दिवाळीनंतर एकदा ती मालवणच्या बाजारातून रिकामी पाटी घेऊन परत येत होती. सर्जेकोटला खाडीपार नेणाऱ्या होडीत, तरीत बसली, तर समोर मालवणचे दुकानदार गुरुदासशेठ आणि त्यांच्यासोबत एक पाटलोणवाला तरुण माणूस. त्या माणसाला काही बसवेना. एकदा तरीच्या या काठाला, एकदा त्या. खाडीचं पाणी बघून घाम पुसत होता. गुरुदासशेठनी ओळख करून दिली. हे रविकांत इंगवले, बुलबुलच्या कारखान्यातून आलेत.

"मला एवढंच सांगा," इंगवले तरीतल्या सगळ्यांनाच म्हणाला, "तुम्ही लोक हे पिता तरी का? आमच्याकडं पोरंसुद्धा तोंड वाकडं करतात. मालकांनी तर बुलबुल बंदच करायचं ठरवलं होतं. मग बघतात तर सगळा माल मालवणला चाललाय. त्यांना वाटलं, कुणीतरी थट्टा करतंय."

"थट्टा नाय ओ," गुरुदासशेठ हसले. "तोंडवलीक चला. ह्या पिवन जे समुद्रात जगले, ते तिघेय तुमका दाखवतंय. मगे बघा."

तरीतली माणसं यमुनाबाईकडे बघायला लागली. ती उठून उभी राहिली. होडी एका अंगाला कलली.

"बस गो बाय, तर उलटात," तरवाला ओरडला.

ती बसली, पण पाटी या हातातून त्या हातात करत राहिली. पलीकडचा, तळाशीलचा काठ लागायच्या आत ती गुडघाभर पाण्यात उतरली आणि वाळूवरून तरातरा निघून गेली.

धोंडू तांडेलाच्या मांगरात, जिथे जाळी ठेवायची, तिथे दुपारभर गोष्ट चालली. धोंडूला सांगायची हौस होती. हातवारे करून लाटा केवढ्या ते दाखवायचा, बाबली मधूनच भर घालायचा. यमुनाबाईच्या अंगणात आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. तिनं अंगण एकदा झाडलं, दुसऱ्यांदा झाडलं. राधाबाई ओटीवर बसून सुनेची धावपळ बघत होत्या.

"यमुने, बस मगो जरा," त्या म्हणाल्या.

"बसान काय करू, आये?"

संध्याकाळ व्हायच्या आत इंगवले घरी आला, सहदेवाला सोबत घेऊनच. त्याचा चेहरा फुलला होता. मघाची अस्वस्थता आता घाईत बदलली होती. कधी एकदा कोल्हापूरला जाऊन सांगतो असं त्याला झालं होतं. राधाबाईंनी घोंगडी अंथरली, तिच्यावर तो नुसता टेकला.

"आजी, तुमच्या मुलाचं नाव आता साऱ्या मुलखात होणार," तो म्हणाला. "बाटलीवरचा तो पक्षी काढून टाकायचा. त्या जागी होडी, आणि होडीत तीन माणसं. उद्या किंवा परवा किनाऱ्यावर तिघांचा फोटो काढतो. त्यावरून चित्रकार चित्र काढील. एकदा का ही गोष्ट घाटावर कळली की बघा!"

सहदेवानं वहिनीकडे बघितलं. इंगवलेही तिच्याकडे वळला. ही कोण, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

"तुम्ही यांच्या कोण?"

यमुनाबाईनं कळशी उचलली. कळशी काठोकाठ भरलेली होती. ती तशीच घेऊन ती विहिरीकडे गेली, आणि पाणी आळ्यात ओतून काठावर उभी राहिली. इंगवलेची पावलं अंगणाच्या बेड्यापलीकडे, फाटकाबाहेर गेल्यावरच ती परतली.

दुसऱ्या दिवशी तिनं पाटीत बांगडे घेतले आणि मालवण गाठलं. बाजारात मन लागेना. गिऱ्हाईक भाव विचारी, ही दुसरीकडेच बघे. उन्हं चढल्यावर शेजारच्या सावित्रीला पाटीकडे बघायला सांगून ती मिठासाठी गुरुदासशेठच्या दुकानाकडे गेली. दुकानात पाच-सहा माणसं उभी होती. बुलबुलच्या बाटल्या उघडल्या जात होत्या. इंगवले फळीला टेकून ऐकत होता आणि गुरुदासशेठ रंगात आले होते.

"खरी मजा पुढेच आसा," ते म्हणत होते. "चौगे होते. तिघांनी गुमान प्याला. चौथो होतो हट्टी. म्हणालो, असला परक्याचा पाणी मी पियाचंय नाय. नाय प्यालो. आणि गेलो! प्याले ते जगले, नाय प्यालो तो गेलो."

"वा!" इंगवले फळीवर थाप मारून म्हणाला. "शेठ, हे वाक्य मला द्या. प्याले ते जगले! हेच छापू. चित्राच्या खाली, मोठ्या अक्षरात."

यमुनाबाई आवाज ऐकून मागे वळायला निघाली होती, सवयीनं. एक पाऊल तिनं मागे टाकलंही. मग ती दुकानाची पायरी चढली.

"कोणी सांगल्यान तुका?"

गुरुदासशेठचं हसू विरलं. "यमुना, तू हयसर..."

"तो पियाक नाय म्हणान कोणी सांगल्यान? नाव घी."

"लोक म्हणतत गो. माझ्या मनाचा थोडाच..."

"खंयचे लोक? तू होतंस त्या मचव्यार? ह्यो होतो?" तिनं इंगवलेकडे बोट केलं. मग त्याला म्हणाली, "चौथो तो माझो घोव. काल तुमी इचारल्यात मा, मी कोण? भिकाजीची बायल मी."

दुकानातल्या माणसांनी हातातल्या बाटल्या खाली ठेवल्या. इंगवलेचं तोंड उतरलं. "बाई, मला ठाऊक नव्हतं," तो पुटपुटला. पण ती ऐकायला थांबली नव्हती. मीठ राहिलं, बाजारात पाटी राहिली. ती सर्जेकोटच्या वाटेला लागली, जवळजवळ धावतच. तरीची होडी पलीकडे होती. होडी येईस्तोवर ती काठावर येरझारा घालत राहिली. आतापर्यंत ती जे विचारत नव्हती, ते न विचारल्यामुळे लोकांनी आपापल्या परीनं भरून काढलं होतं. भिकाजी हट्टी. भिकाजी मूर्ख. उद्या ते छापून घरोघरी जाणार. त्यापेक्षा जे काय असेल ते एकदा कानावर पडू दे. वाईट असलं तरी.

सहदेव सुरूच्या झाडाखाली जाळं पसरून बसला होता. ती समोर येऊन उभी राहिली. श्वास लागला होता.

"सहदेवा, आज सांग."

"काय, वयनी?"

"तुका म्हायत आसा काय ता."

त्यानं हातातली सुई जाळ्यात खोचली. ती उठून जाईल याची तो वाट बघत होता, हे तिच्या लक्षात आलं. म्हणून ती त्याच्या समोर, तापल्या वाळूत, मांडी घालून बसली.

"वारो जमिनीवरसून सुटलो," तो म्हणाला. "शीड उतरूक वेळच गावलो नाय. पाण्याची घागर फुटली. मगे डोलकाठी मुळातसून मोडली. पेटयो काठयेकच बांदलेल्यो. काठयेवांगडा त्यो पान्यात गेल्यो. दादान बघल्यान. म्हणालो, प्यावचा पानी नाय, त्यो पेटयो व्हयेत. दोर घेतल्यान आणि उडी मारल्यान."

"कोणी सांगला तेका उडी मारूक?"

"कोणी नाय. धोंडूतात्या नकोच म्हणा होतो. दादा कोणाचा आयकी होतो काय?"

यमुनाबाईचे हात मांडीवर राहीनात. ती वाळू मुठीत घेत होती, सोडत होती.

"काठी तरंगा होती. दादा पवत तिच्याकडे गेलो. पयली पेटी सोडवन दोराक बांदल्यान. आमी ओढून घेतलाव. मगे दोर परत टाकलाव, तेना धरलो. म्हटला, दादा, आता पुरे, तू ये. तर म्हणालो, दुसरी हातातच आसा. ती बांदी होतो, आणि लाट इली. दोर मदीच तुटलो."

"मगे?"

"तो काठयेर आणि आमी मचव्यात. एकच वल्हा रवलला. वल्हवलाव, हाताची सालां गेली. मचव्यात पानी भरलला, फिराच नाय. काठी लांब लांब गेली."

"हाक मारी होतो?"

"होय."

"काय म्हणा होतो?"

"पयल्यांदा म्हणा होतो, सहदेवा, पेटी बांद, ती हालता. मगे शब्द कळाक नाय. नुसतो आवाज. लय वेळ येय होतो."

समुद्रावर दुपारचं ऊन पडलं होतं. लांब दोन शिडं होती. यमुनाबाई तिकडे बघत होती, आणि सहदेवाला वाटलं की आता ही रडेल. पण ती भडकली.

"दुसरी पेटी कित्याक व्हयी होती तेका? एक पुरली नसती?"

"पयल्या पेटयेत अर्ध्यो बाटलयो फुटलल्यो, वयनी."

"पुरली मा पण? जगलास मा तुमी?"

"जगलाव," सहदेव म्हणाला. एवढंच.

ती उठली. पाण्यापर्यंत गेली, परत आली. "माका कोणी सांगाक कसा नाय?"

"तू उठान जाय होतंस. आयेक मी सांगलंय, इलो त्याच दिवशी. धोंडूतात्या म्हणालो, तिका आयकवना नाय, तर तिच्या कानार पडात असा भिकाजीचा नाव काढू नको. म्हणान कोणीच काढूक नाय."

तिच्यासाठी म्हणून नाव घ्यायचं टाळलं, आणि टाळता टाळता गोष्टीतून माणूसच गळून पडला होता. मोकळी झालेली जागा मग ज्याला जसं सुचेल तसं भरत गेलं.

"माका वाटलेला..." ती म्हणाली, आणि थांबली.

"काय वाटलेला?"

"काय नाय."

सहदेवानं वर बघितलं. भात वाढताना थांबलेला तिचा हात त्यानंही कधीतरी पाहिलाच असणार. जाळ्यातली सुई काढून त्यानं पुन्हा काम सुरू केलं. दोन गाठी चुकल्या, त्या त्यानं सोडवल्या.

पुढच्या दिवशी सकाळी किनाऱ्यावर गाव लोटलं. इंगवले कॅमेरा घेऊन आला होता, पण कालचा उत्साह त्याच्यात नव्हता. गुरुदासशेठ आले नाहीत. धोंडू तांडेल धुतलेली बंडी घालून होडीच्या नाळीपाशी उभा राहिला. बाबलीनं केसांना तेल लावलं होतं. सहदेव सगळ्यांत शेवटी आला. इंगवलेनं प्रत्येकाच्या हातात एकेक बाटली दिली, पक्षी दिसेल अशी धरायला सांगितली आणि तो मागे मागे सरकत गेला.

"चार होते," मागून आवाज आला.

यमुनाबाई बायकांच्या घोळक्यातून पुढे आली. नेहमी फस्सचा आवाज झाला की जी निघून जायची, ती आपणहून पुढे येतेय म्हटल्यावर सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. तिनं गोष्ट सांगितली. धोंडूसारखे हातवारे केले नाहीत, लाटा दाखवल्या नाहीत. भराभर, एका दमात, जणू मध्ये थांबलो तर राहूनच जाईल असं बोलत गेली. डोलकाठी मोडली, भिकाजीनं उडी मारली, एक पेटी दिली, दुसरीला गेला, दोर तुटला. "तेना पियाक नाय म्हणतत," ती म्हणाली. "खंयसून पितलो? तेना दिलेला ह्येंका. तेका घोटसुद्धा गावाक नाय."

राधाबाई होडीच्या सावलीत बसून डोळे पुसत होत्या. धोंडू तांडेल मान खाली घालून उभा होता. "खरा आसा," तो म्हणाला. "तशाच झाला."

"चार घाला," यमुनाबाई इंगवलेला म्हणाली. "चित्रात."

इंगवलेनं कॅमेरा खाली केला. तो खोटं बोलला असता तरी चाललं असतं, हो हो म्हणून निघून गेला असता तर कोल्हापूरला कुणी बघायला जाणार नव्हतं. पण तो म्हणाला, "बाई, मालक नाही म्हणतील. माणूस ताजंतवानं व्हायला बाटली उघडतो. तिच्यावर बुडालेला माणूस कोण छापील?"

"मगे एकय नको."

"पण हे तिघं तर..."

धोंडूनं हातातली बाटली वाळूत ठेवली. बाबलीनं घोट घ्यावा की नाही असा क्षणभर विचार केला, आणि त्यानंही ठेवली. सहदेवाची आधीच खाली होती. तिघे होडीपासून बाजूला झाले. इंगवले उघड्या वाळूत एकटा उभा राहिला. समोर होडी, वाळूत तीन बाटल्या. त्यानं फोटो काढला नाही. जाताना तो यमुनाबाईपाशी थांबला.

"त्यांचा एखादा फोटो आहे का घरात?"

"नाय. फोटो काढूक तो खंय गेलो कधी!"

तो गेला. बाटलीवर पक्षीच राहिला. इंगवलेनं मालकांना काय सांगितलं कुणास ठाऊक, पण बुलबुल बंद झालं नाही. पुढे साठच्या दशकाच्या अखेरीस मोठ्या कंपन्यांची रंगीत पेयं खेडोपाडी आली, तेव्हा कारखानाच मिटला. तोवर किनारा ते पीत राहिला, पूर्वीइतकंच. गोष्ट मात्र बदलली. मालवणच्या दुकानात कुणी तिघे म्हणालं तर दुसरा कुणीतरी म्हणायचा, तिघे नव्हेत, चौघे. आणि यमुनाबाई बाजारात असली तर ती स्वतःच सांगायची, बांगडे मोजता मोजता, हात न थांबवता.

तिनं बुलबुल एकदाच प्यायलं. राधाबाई आजारातून उठल्या तेव्हा घरी बाटली आणली होती. ती उघडताना यमुनाबाई उठली नाही. एक घोट घेतला, तो नाकात गेला, ठसका लागला. डोळ्यांत पाणी आलं ते तिनं पदरानं पुसलं. "ह्याच्यासाठी?" ती म्हणाली, आणि बाटली सासूच्या हातात दिली.

तिला चैन पडलं असं मात्र म्हणता येणार नाही. आधी ती ऐकायला थांबत नव्हती, आता ऐकून तिचं भागेना. जेवताना मध्येच सहदेवाला विचारायची. काठी कुठल्या बाजूला गेली? ऊन होतं की ढग? दोर कुठला, सुंभाचा? त्याच्या अंगावर सदरा होता? सहदेव आठवेल तसं सांगायचा. कधी आठवायचं नाही, तर नाही म्हणायचा. पण ताटात भात वाढताना तिचा हात आता थांबत नव्हता. सांगता सांगता सहदेवही मोकळा होत गेला. पुढच्या वर्षी नारळी पौर्णिमा झाली आणि एके दिवशी तो सहज म्हणाल्यासारखं म्हणाला, "धोंडूतात्याक खलाशी व्हयो आसा. जाव काय म्हणतंय."

राधाबाईंनी तोंडाला पदर लावला. यमुनाबाई उठली, दारापर्यंत गेली, परत आली.

"जा," ती म्हणाली.

ज्या दिवशी होडी निघायची, त्या दिवशी ती सर्वांच्या आधी किनाऱ्यावर पोचली. जाळी चढली, पाण्याचं पिंप चढलं. मग बाबलीनं बुलबुलची पेटी आणून डोलकाठीच्या बुडाशी ठेवली आणि तो ती बांधायला लागला. यमुनाबाई लुगडं वर खोचून पाण्यात उतरली. दोन्ही हातांनी होडीची कड धरून ती वर चढली. बायकांनी असं होडीत चढायचं नसतं, पण तिला कुणी काही म्हणालं नाही. तिनं बाबलीची गाठ सोडली आणि पेटी काठीपासून ओढून आत, पिंपाच्या आडोशाला नेऊन ठेवली. दोर नवा आहे की जुना ते बोटांनी चाचपून बघितलं.

सहदेव वल्हं घेऊन उभा होता. ती त्याच्या समोर आली.

"पेटी व्हावन गेली तर जावंदे," ती म्हणाली. "समाजला?"

"समाजला, वयनी."

"जावंदे तिका."

"होय."

ती पाण्यात उतरली. धोंडूनं हाक दिली, माणसांनी खांदे लावले आणि होडी लाटांवर चढली. यमुनाबाई गुडघाभर पाण्यात उभी होती. होडीचं शीड उघडायच्या आतच ती वळली, वाळूतली मासळीची पाटी उचलून डोक्यावर घेतली आणि तळाशीलच्या तरीकडे भराभरा चालू लागली. वाटेत ती चार वेळा थांबली असेल, समुद्राकडे बघायला.